मामा, माझ्यासाठी शब्द टाकू नका

तीन वर्षांपूर्वी माझा बी.एस्सी.चा निकाल लागला. त्या वर्षी पंचमीच्या दुपारी, गणपतीच्या विसर्जनाला अजून दोन-तीन तास असताना, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसलेल्या मंडळींत माझ्या नोकरीचा विषय निघाला. तो काढला धाकट्या आत्याने, आणि प्रेमानेच काढला. ‘मग आता पुढे काय?’ एवढाच तिचा प्रश्न होता. मी तोंड उघडायच्या आधी चार जणांनी उत्तर दिलं. आत्या म्हणाली, बी.एड. कर, मुलीच्या जातीला शाळा बरी, दुपारी घरी येता येतं. थोरले काका म्हणाले, घाई नको, एक-दोन वर्षं थांब, सरकारी जाहिराती येतीलच. आतेभावाने पोर्तुगीज पासपोर्टचं काढलं. आणि दर्शनाला आलेले मामा, जे तोवर गप्प होते, नेवरीचा तुकडा मोडत हळूच म्हणाले, ‘काळजी करू नको बाय, मी शब्द टाकून बघतो.’

त्यासरशी सगळं घर निवांत झालं. पोरीचं काहीतरी होणार, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर आलं. माझी आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि भावाकडे बघून हसली. तो निवांतपणा मला अजून आठवतो, आणि त्याच्याविरुद्ध मला इथे बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट सांगते. नातेवाईक सल्ले देतात म्हणून त्यांच्यावर वैतागणारं लिखाण मी पुष्कळ वाचलं आहे. ‘हो हो म्हणा आणि सोडून द्या’ असा त्याचा सूर असतो. मला ते पटत नाही. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. माझ्या कॉलेजात तीन वर्षांत नोकरीविषयी आमच्याशी एकदाच कुणी बोललं, तेही बी.एड.च्या प्रवेशाबद्दल. केमिस्ट्री घेतलेली मुलगी कुठे कुठे काम करू शकते, पगार किती असतो, अर्ज कुणाकडे द्यायचा, हे सांगणारं दुसरं कोण होतं? आत्या, काका, मामा, शेजारची वहिनी. गोव्यातल्या खेड्यात नातेवाईक हेच आपलं रोजगार केंद्र असतं. ते बंद करून चालत नाही. त्यांच्याशी वाद घालायचा तो ते महत्त्वाचे आहेत म्हणूनच घालायचा.

काकांचा ‘सरकारी’चा आग्रह घ्या. बाहेरून इथे येऊन राहिलेले लोक, आणि आता आपलेही शहरातले लोक, सर्रास म्हणतात की गोंयकाराला कष्ट नकोत, सुशेगाद, म्हणजे निवांत, नोकरी हवी. हे ऐकलं की मला राग येतो, कारण आमच्या घरात सरकारी नोकरी कशी आली हे मला माहीत आहे.

आजोबांचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत होतं. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा माणूस. छप्पर आपलं, पण पायाखालची माती त्याची. त्याच्या बदल्यात बागायत राखायची, पाडेकाराने नारळ पाडले की ते गोळा करायला जायचं, भाटकाराच्या घरी कार्य असलं की पाणी भरायला आजीने जायचं. लिहून ठेवलेलं काही नव्हतं. नियम एकच होता, बोलावलं की जायचं. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६४ मध्ये कूळ कायदा आला, १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून काढता येणार नाही असा कायदा आला. हे मोठे कायदे होते आणि आमच्यासारखी हजारो घरं त्यांच्यावर उभी आहेत. पण भाटकाराच्या अंगणात मान वर करून बोलायचं बळ नुसत्या कायद्याने येत नाही. आमच्या घरात ते थोरल्या काकांच्या पगाराबरोबर आलं.

काका शिकले ते गावातल्या मराठी प्राथमिक शाळेत. ती शाळा मुक्तीनंतर, दयानंद बांदोडकरांच्या सरकारच्या काळात उघडली. त्याआधी आमच्या वाड्यावर अक्षर ओळखणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी काका वीज खात्यात हेल्पर म्हणून लागले. आजी मला सांगायची, त्यानंतरच्या पावसाळ्यात भाटकाराकडून नेहमीसारखं बोलावणं आलं, तेव्हा काका दारातूनच म्हणाले, ‘आज जमणार नाही, ड्युटी आहे.’ हे सांगताना आजीचा आवाज बदलायचा. ‘ड्युटी’ हा शब्द ती फार जपून उच्चारायची. आमच्या घराण्यात कुणीतरी पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं होतं, आणि ते म्हणता आलं, कारण एक तारखेचा पगार कुणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता.

म्हणून काका ‘सरकारी बघ’ म्हणतात तेव्हा पेन्शन आणि सुट्ट्या एवढंच त्यांच्या मनात नसतं. कुणापुढे वाकावं लागू नये, ही त्यांची खरी इच्छा असते. ती इच्छा मला शंभर टक्के मान्य आहे.

पण काकांचा अनुभव १९७९ चा आहे, आणि मी नोकरी शोधत होते २०२२ मध्ये. सल्ला देणारा माणूस खोटं बोलत नसतो, तो आपल्या वेळचं खरं सांगत असतो. याची किंमत आमच्या घराने एकदा मोजलेली आहे. माझे बाबा काकांपेक्षा बरेच लहान. २००५ च्या सुमारास चीनमधून लोहखनिजाला जोरात मागणी होती, आमच्या भागात रस्त्यावर ट्रकांची रांग तुटत नव्हती, लाल धुळीने झाडं ओळखू येत नव्हती. तेव्हा याच माटोळीखाली याच मंडळींनी बाबांना सांगितलं की नोकरीत काय ठेवलंय, ट्रक घे. शेजाऱ्याने घेतला होता, मेव्हण्याने घेतला होता. बाबांनी बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतला. चार-पाच वर्षं पैसा आला, घराला चिऱ्यांची नवी खोली झाली. मग सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, थोडं सुरू झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजचं, म्हणजे भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्याला पुन्हा सगळं बंद. मी तेव्हा शाळेत होते. ट्रक अंगणात उभा असायचा, चाकांभोवती गवत वाढायचं, आणि आई उन्हाळ्यात त्याच्या बोनेटवर मिरच्या वाळत घालायची.

त्या काळात ‘ट्रक घे’ म्हणणाऱ्यांपैकी कुणीही बाबांचं वाईट चिंतलं नव्हतं. पण लीज म्हणजे काय, तिची मुदत कधी संपते, परवाने कुणाचे आणि कसे आहेत, हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांकडे सल्ला होता, माहिती एकाकडेही नव्हती.

‘थांब, जाहिरात येईल’ हा सल्लाही तसाच आहे. फुकट वाटतो, पण फार महाग पडतो. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात २०२३-२४ साली गोव्यातला बेरोजगारीचा दर ८.५ टक्के निघाला, देशाचा होता ३.२. दरडोई उत्पन्नात देशात वरच्या रांगेत असलेल्या राज्याची ही अवस्था आहे. त्याची कारणं अनेक असतील, पण एक कारण मी माझ्या वाड्यावर रोज बघते. शिकलेली मुलं कामाला लागत नाहीत, ती वाट बघतात. गोवा सरकारच्या बहुतेक पदांना कमाल वयाची अट ४५ वर्षं आहे. ही सवलत लोकांच्या भल्यासाठी असेल, पण तिच्यामुळे वाट बघण्याला शेवटच राहत नाही. माझा एक चुलतभाऊ बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं घरी थांबला. मधल्या काळात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत अकाउंट्सचं काम मिळत होतं. घरच्यांनीच सांगितलं, दहा-बारा हजारांसाठी कशाला जातोस, उद्या सरकारी लागशील. चार वर्षांनी तो मुलाखतीला गेला तेव्हा समोरच्याने विचारलं, इतके दिवस काय केलंत? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीही त्या खुर्चीत त्याच्या शेजारी बसलेलं नव्हतं.

आत्याच्या बी.एड.बद्दल एवढंच म्हणते की शिक्षिका होणं ही मोठी गोष्ट आहे, पण दुपारी घरी येता यावं म्हणून कुणी शिक्षिका होऊ नये. मुलांवर तो अन्याय आहे. आणि पासपोर्टबद्दल: १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, हे खरं. पण आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही, भारताचं सोडावं लागतं. आतेभावाने ते सांगितलं नव्हतं. मी नंतर वाचलं.

आता मामांच्या शब्दाकडे येते.

बाहेरच्या माणसाला गोव्यातला ‘शब्द’ समजायला गोव्याचा आकार समजावा लागतो. इथे विधानसभेच्या चाळीस जागा आहेत आणि एकेका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आत मतदार. मुंबईत एवढे लोक दोन-तीन मोठ्या संकुलांत राहतात. काही जागांचा निकाल काहीशे मतांवर लागतो. त्यामुळे दहा-बारा मतांचं घर म्हणजे मोठी गोष्ट. आमदार चवथीला घरी येतो, लग्नाला येतो, कुणी गेलं तर बाराव्याला येतो. त्याचा माणूस आपल्या मामाच्या ओळखीचा असतो, कधी नात्यातलाच असतो. सत्ता दोन घरं सोडून राहत असेल तर तिच्याकडे शब्द टाकणं गैर वाटतच नाही. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागावी इतकं ते साधं वाटतं. मामांनाही तसंच वाटलं. माझे मामा सरळ माणूस आहेत. दुसऱ्याच्या झाडाचा आंबा उचलणार नाहीत. पण भाचीला नोकरी लावायला शब्द टाकणं हे त्यांच्या लेखी मामाचं कर्तव्य होतं.

त्या शब्दाचा पुढचा प्रवास असा झाला. चवथीनंतर महिन्याभराने मामा एका गृहस्थाला घेऊन आमच्या घरी आले. त्याने चहा घेतला, माझी मार्कशीट बघितली, एका खात्यात जागा निघणार आहेत म्हणाला. मग मला आत पाठवलं. बाहेर काय बोलणं झालं ते मला रात्री आईने सांगितलं. आकडा लाखांत होता. निम्मे आधी, निम्मे ऑर्डर हातात आल्यावर. आईने कपाटातून पाटल्या काढून खाटेवर ठेवल्या होत्या. लग्नात तिच्या आईने घातलेल्या त्या पाटल्या २०१२ नंतरच्या वाईट दिवसांतही तिने मोडल्या नव्हत्या.

मला इथे मोठेपणा घ्यायचा नाही. तीन दिवस मी ‘नको’ म्हटलं नाही. मनातल्या मनात हिशेब केला, सरकारी पगारातून दोन वर्षांत पाटल्या परत करता येतील. चौथ्या दिवशी तो गृहस्थ पुन्हा आला तेव्हा बाबांनी त्याला एकच प्रश्न विचारला, ‘पावती मिळेल?’ आयुष्यभर एकेका ट्रिपची चिठ्ठी जपून ठेवलेला माणूस दुसरं काय विचारणार? गृहस्थ हसला, मामांकडे बघितलं, आणि अशा कामाची पावती नसते म्हणाला. बाबा म्हणाले, ‘मग राहू दे.’ त्या संध्याकाळी मी मामांना फोन केला आणि सांगितलं, ‘मामा, माझ्यासाठी शब्द टाकू नका.’ त्यांना लागलं. दिवाळीला ते आले नाहीत.

२०२४ च्या शेवटच्या महिन्यांत गोव्यातली वर्तमानपत्रं याच विषयाने भरली. सरकारी नोकरी लावतो म्हणून लाखो रुपये घेतल्याच्या तक्रारींमागून तक्रारी पोलिसांत आल्या, अटका झाल्या. रोज सकाळी बातमी वाचताना मला खाटेवरच्या पाटल्या दिसायच्या. त्या बातम्यांवर आपण सगळे संतापलो, आणि संताप योग्यच होता. पण पैसे घेणाऱ्यांपर्यंत माणसं पोचली कशी, हे कुणी मोठ्याने विचारलं नाही. ती रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे गेली नव्हती. ‘ओळखीचा आहे, काम करतो’ असं कुणीतरी जवळच्याने सांगितल्याशिवाय घरातलं सोनं घराबाहेर पडत नाही. ठगाला घरात यायला नातेवाइकाचा हात धरावा लागतो. नातेवाईक ठगाचा साथीदार नसतो, त्याचा विश्वास मात्र ठगाचं भांडवल होतो.

‘पैसे न घेता शब्द टाकला तर काय बिघडलं?’ असं मला मामींनी विचारलं होतं. प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. पहिलं म्हणजे ती जागा कुणाची तरी होती. माझ्यापेक्षा जास्त गुण असलेली, पण मामा नसलेली एखादी मुलगी सांग्यात किंवा काणकोणात बसलेली असेल. तिला कधी कळणारही नाही की तिचं नाव का आलं नाही.

दुसरं माझ्या स्वतःच्या घरापुरतं आहे, पण मला ते जास्त छळतं. शब्दाने लागलेली नोकरी फिटत नाही. ज्याने लावली त्याचं बोलावणं आलं की जावं लागतं. सभेला माणसं हवीत, जा. घरावर झेंडा लावायचा आहे, लाव. गावात एखाद्या प्रकल्पाविरुद्ध सही गोळा करताहेत, तू करू नको. मी अशी घरं बघितली आहेत. एका मुलाच्या नोकरीपायी आई, वडील, दोन काका आणि आजी या सगळ्यांची तोंडं पाच-पाच वर्षं बंद असतात. ग्रामसभेत ती माणसं मागच्या भिंतीला टेकून उभी राहतात आणि मान खाली घालतात. आजी सांगायची ना, बोलावलं की जायचं? भाटकाराच्या अंगणातून काकांनी आम्हाला पगाराच्या बळावर बाहेर काढलं, आणि आता त्याच पगारासाठी आम्ही दुसऱ्या कुणाच्या अंगणात जाऊन उभं राहायचं? मग काकांनी त्या पावसाळ्यात दारातून काय मिळवलं?

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आमच्या वेळेला एवढं नव्हतं.’ मला वाटतं, होतंही थोडंफार. पण मी वाढवलं नाही.

काही बदलतं आहे, हेही सांगायला हवं. क वर्गाच्या पदांची भरती एका ठिकाणाहून व्हावी म्हणून २०१९ मध्ये कर्मचारी निवड आयोगाचा कायदा झाला. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला फार वेळ गेला, पण आता त्या पदांसाठी संगणकावर परीक्षा होते. माझ्या वर्गातली एक मुलगी, जिच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नाही, ती परीक्षा देऊन लागली. पण ती लागल्यावर वाड्यावर पहिला प्रश्न कोणता आला? ‘कुणाकडून केलं?’ अभ्यासाने केलं, हे उत्तर कुणी मानलं नाही. मला त्या मुलीसाठी फार वाईट वाटलं. यंत्रणा सुधारली तरी आपल्या जिभेवरचा वशिला जात नसेल, तर उद्याही एखादी आई पाटल्या काढून ठेवील. सरकारने वर्षाच्या सुरुवातीला त्या वर्षीच्या भरतीचं वेळापत्रक जाहीर करावं आणि दरवर्षी पाळावं, ही माझी मागणी आहे. तारीख आणि गुण उघडे असतील तर ‘आतलं सांगतो’ म्हणणाऱ्याकडे सांगायला काही उरणार नाही.

मग नातेवाइकांनी करायचं काय? जे त्यांना खरोखर ठाऊक आहे ते सांगायचं. माझ्या सांखळीच्या मावशीने मला कोणती नोकरी कर हे कधीच सांगितलं नाही. ती म्हणाली, ‘पंधरा वर्षांच्या रहिवाशाचा दाखला आताच काढून ठेव, जाहिरात आल्यावर मामलेदार कचेरीत गर्दी होते. ओबीसीचाही काढ. रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड आहे ना?’ तिने मला कोणते कागद लागतात, कोणत्या खिडकीवर जायचं, झेरॉक्सच्या किती प्रती न्यायच्या हे सांगितलं. सरकारी जाहिरातीत कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास बरं असं लिहिलेलं असतं, तेव्हा कोंकणी नुसती बोलता येते यावर राहू नको, लिहायचा सराव कर, हेही तिनेच सांगितलं. आम्ही घरात कोंकणी बोलतो आणि वाचन-लिखाण मराठीत करतो. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

आणि दुसरा एक माणूस, बाबांच्या मामेभावाचा जावई. मी त्याला आधी दोनदाच भेटले होते. तो वेर्णेच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत आहे. त्याने फोनवर पाऊण तास दिला. औषध कंपनीत क्यू.सी. (गुणवत्ता तपासणी) म्हणजे काय, प्रॉडक्शन म्हणजे काय, केमिस्ट्रीवाल्याला पहिल्या वर्षी कोणत्या यंत्राजवळ उभं करतात, ट्रेनी म्हणून घेतात तेव्हा पत्रात काय लिहिलेलं असतं, कंपनीच्या पगारपटावर आणि ठेकेदाराच्या पगारपटावर असण्यात काय फरक आहे, पी.एफ. कापला जातो की नाही हे कसं बघायचं. स्वतःचा पहिला पगार किती होता आणि आज किती आहे, हे त्याने आकड्यात सांगितलं. आपल्याकडे मुलाच्या पगाराचा आकडा लग्न जुळवताना सांगतात, एरवी लपवतात. त्याने तो न लपवता सांगितला म्हणून मला पहिल्यांदा काहीतरी ठरवता आलं. शेवटी तो म्हणाला, ‘तू काय करावंस ते मला माहीत नाही, मी फक्त माझं सांगितलं.’ इतका उपयोगी सल्ला मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

आमची, म्हणजे तरुणांचीही, यात चूक आहे. आम्ही विचारत नाही. माटोळीखाली ‘बघते’ म्हणून मान हलवतो आणि मागे जाऊन चिडतो. काकांना त्या दुपारी मी विचारायला हवं होतं की तुमचा पहिला पगार किती होता, किती वर्षं टेंपररी होतात, बढती किती वर्षांनी झाली. ते मी दोन वर्षांनी विचारलं. ते खुलून बोलले, दोन तास बोलले. वादळात खांबावर चढून तार जोडलेल्या रात्रींबद्दल बोलले. कामाबद्दल त्यांना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं, सगळ्यांनी फक्त नोकरीबद्दल विचारलं होतं.

मामांचं सांगायचं राहिलं. पुढच्या जानेवारीत मला वेर्ण्याहून मुलाखतीचा फोन आला. आईने न राहवून त्यांना कळवलं. सकाळी साडेसहाला मामा स्कूटर घेऊन दारात उभे. मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. पणजी, बांबोळी करत नव्याने सुरू झालेल्या जुवारी पुलावरून आम्ही गेलो. गेटबाहेर एका गाड्यावर ते तीन तास थांबले. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी ‘काय झालं’ असं विचारलं नाही. भजी-पाव मागवला आणि म्हणाले, ‘आधी खा.’

मी आता तिथेच आहे. क्यू.सी.मध्ये. पहिलं वर्ष ट्रेनी, मग कायम.

या वर्षीच्या पंचमीला माझ्या मावसबहिणीचा नंबर होता. तिची बी.एस्सी. पुरी झाली आहे, आणि माटोळीखाली तिच्यासाठीही चार उत्तरं तयार होती. मी तिला हात धरून मागील दारी घेऊन गेले, विहिरीच्या कठड्यावर बसवलं आणि मोबाइलवर माझी पगाराची स्लिप उघडून तिच्या हातात दिली. एकेक ओळ दाखवली. बेसिक किती, पी.एफ. किती जातो, ई.एस.आय. किती, कँटीनचे किती. हातात १८,२०० येतात. सकाळी पावणेसातला घर सोडावं लागतं. पाय दुखतात, कारण यंत्राजवळ उभं राहायचं असतं. काम मला आवडतं, तेही सांगितलं. तिने स्लिप दोनदा वाचली. मग विचारलं, ‘दुसऱ्या पाळीची बस घरापर्यंत सोडते?’

‘नाही,’ मी म्हटलं, ‘तिठ्यापर्यंत. तिथून बाबा न्यायला येतात.’